टी-शर्टवरचं ‘ग्लुटेन फ्री’: छापावं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी पुण्यात घरूनच टी-शर्ट छापून ऑनलाइन विकतो. तिरुपूरहून प्लेन माल येतो, इथे त्यावर प्रिंट मारतो. माझा सगळ्यात जास्त खपलेला टी-शर्ट म्हणजे ‘ग्लुटेन फ्री? आणि पुरणपोळीचं काय?’ मागच्या महिन्यात एका आईचा मेसेज आला. तिच्या मुलाला सीलिअ‍ॅक आजार आहे. तिने फार तोडून लिहिलं होतं. मित्र म्हणतात, हल्ली कुणाला कशाचाही राग येतो, लक्ष देऊ नकोस. कुणीतरी झारा या स्पॅनिश कपड्यांच्या कंपनीचं उदाहरण दिलं, की त्यांनाही असाच टी-शर्ट मागे घ्यावा लागला होता. मी तो काढावा का? आणि यात नेमकं चुकलं काय?”

तो टी-शर्ट विक्रीतून काढा. हे आधीच सांगते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला: चुकलं काय? तुम्ही तो मनापासून विचारलाय असं गृहीत धरून लिहिते.

मी आहारतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं हेच काम करते आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं पोटाच्या जुनाट दुखण्यांची असतात. त्यात सीलिअ‍ॅकची बरीच. त्यामुळे ‘ग्लुटेन फ्री’, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन नसलेलं, हे दोन शब्द मी दिवसातून किती वेळा उच्चारते याला गणती नाही. डब्यात काय, शाळेत काय, लग्नात काय, गिरणीत काय, सगळीकडे हेच दोन शब्द.

आधी झाराचं सांगते, कारण ती गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये झाराने एक टी-शर्ट आणला होता. त्यावर इंग्रजीत एवढंच लिहिलेलं होतं: ‘तू ग्लुटेन फ्री आहेस का?’ शिवी नाही, अपमान नाही, नुसता प्रश्न. स्पेनमधल्या एका स्त्रीने त्याविरुद्ध ऑनलाइन याचिका टाकली. तिचं म्हणणं असं, की ग्लुटेन न खाणं हा सीलिअ‍ॅक रुग्णांचा एकमेव उपचार आहे, त्याची अशी फॅशन केली की आजाराचं गांभीर्य जातं. हजारो लोकांनी सह्या केल्या आणि झाराने टी-शर्ट मागे घेतला.

तेव्हाही लोकांनी तुमच्या मित्रांसारखंच विचारलं होतं, की नुसत्या प्रश्नाने कुणाचं काय बिघडतं? पण ही गोष्ट स्पेनमध्ये घडली हे विसरू नका. तिथे जेवणाच्या टेबलावर पाव नाही असं होत नाही. बारमध्ये गेलात तर खाण्याचे छोटे पदार्थ पावाच्या तुकड्यावर ठेवून येतात. तिथल्या सीलिअ‍ॅक संघटनांनी हॉटेलवाल्यांना शिकवण्यात, पाकिटांवर खुणा आणण्यात वर्षानुवर्षं घालवली. इटलीत तर २००५ पासून या आजारासाठी वेगळा कायदा आहे आणि ग्लुटेनमुक्त पदार्थ घ्यायला सरकार दरमहा ठरावीक रक्कम देतं. ज्या भागात लोकांनी इतक्या कष्टाने एका शब्दाला वजन मिळवून दिलं, तिथेच घरच्या सगळ्यात मोठ्या कपडेवाल्याने तो शब्द हंगामाची गंमत म्हणून टांगला. राग तिथून आला.

आता त्या शब्दाचं वजन किती, ते सांगते.

सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक परदेशी धान्य) यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी, अगदी बारीक बोटांसारखी रचना असते. अन्न तिथून शोषलं जातं. ती बोटं झिजून सपाट होतात. मग मूल कितीही खाऊ दे, आपल्याकडे जुन्या बायका म्हणतात तसं ‘अंगी लागत नाही’. याहून अचूक वर्णन मला पुस्तकातही सापडलं नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, उंची थांबते, रक्त कमी होतं आणि लोहाच्या गोळ्या देऊन देऊन हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. मोठ्यांमध्ये तर नुसता थकवा, हाडं ठिसूळ होणं किंवा अंगावर खाजरे फोड, एवढंच दिसतं. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. भारतात उत्तरेकडे प्रमाण जवळजवळ तितकंच सापडलं आहे, दक्षिणेत खूप कमी. आपल्याकडे महाराष्ट्रात अजून पुष्कळ घरांत त्याचं नावही ऐकलेलं नसतं. ‘जंत झालेत’, ‘नजर लागली’, ‘हडकुळी प्रकृती आहे, बापावर गेलीय’ यातच चार-पाच वर्षं निघून जातात.

यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव दिसेनासा झाला आणि लोक उपाशी असताना हीच आजारी मुलं सुधारू लागली. पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. १९५० मध्ये डिक यांनी त्यावर प्रबंध लिहिला. तेव्हापासून आजपर्यंत उपचार एकच: ताटातून ग्लुटेन कायमचं काढणं. म्हणजे या मुलांसाठी ‘ग्लुटेन फ्री’ हे औषधाचं नाव आहे. डायबिटीसच्या मुलाला इन्सुलिन, तसं यांना हे.

आणि किती काढायचं? जवळजवळ सगळं. एका मध्यम पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. इटलीतल्या अभ्यासात असं दिसलं, की रोज फक्त ५० मिलिग्रॅम, असं तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. रोज १० मिलिग्रॅमच्या खाली राहणं बऱ्यापैकी सुरक्षित मानतात. घरी एकदा करून बघा: एका पोळीचे दोनशे तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे साधारण ती मर्यादा. तुकडा कसला, चुराच तो. पोळी लाटलेल्या पोळपाटावर भाकरी थापली, पीठ उडालेल्या ओट्यावर काकडी कापली, की एवढा चुरा सहज जातो.

म्हणून मी नव्या रुग्णाच्या आईला पहिल्या भेटीत औषधांबद्दल फारसं सांगत नाही, गिरणीबद्दल सांगते. बाई आनंदाने म्हणते, “बरं झालं, आम्ही ज्वारी-बाजरीच खातो, काही अडचण नाही.” मी विचारते, दळता कुठे? कोपऱ्यावरच्या गिरणीत. तिथे तुमच्या आधी कुणाचा डबा होता? गव्हाचा. जात्याच्या पाळ्यांमध्ये, तोंडाला लावलेल्या कापडी पिशवीत, गिरणीवाल्याच्या फावड्याला गव्हाचं पीठ चिकटलेलं असतं. आधीच्या डब्याचं शेवटचं मूठभर पीठ तुमच्या ज्वारीत येतं. ते डोळ्याला दिसत नाही आणि मुलाचं पोट मात्र फुगलेलंच राहतं. मग घरी छोटी चक्की घ्यायची किंवा गिरणीवाल्याला हात जोडून सांगायचं, “दादा, सकाळी गिरणी झाडून पहिलं दळण आमचं घ्या.” काही गिरणीवाले घेतात. माझ्या ओळखीच्या एका गिरणीत गेली सहा वर्षं सोमवारी सकाळचं पहिलं दळण अशा एका मुलीसाठी राखलेलं आहे. तो माणूस दहावी शिकलेला नाही, पण त्याला हा आजार पुष्कळ डॉक्टरांपेक्षा चांगला कळलाय.

मग हिंगाची डबी. आपण जो हिंग आणतो तो खडा नसतो, बांधलेला असतो आणि बांधायला बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा. फोडणीतला तो चिमूटभर हिंग सगळ्या आमटीत उतरतो. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. प्रसादाचा शिरा रव्याचा आणि प्रसादाला नाही म्हणायचं कसं? हॉटेलात डोसा मागवला तर त्याच तव्यावर आधी रवा डोसा झालेला. ही यादी पाठ करून एक आठ-नऊ वर्षांचं मूल रोज घराबाहेर पडतं. बाहेरच्या जगात त्याच्या हातात एकच हत्यार असतं: ‘मला ग्लुटेन चालत नाही’ हे वाक्य. समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवणार की नाही, यावर त्याचं आतडं अवलंबून असतं.

तुमचा टी-शर्ट नेमका इथे लागतो. दुखावण्याचा मुद्दा मी बाजूला ठेवते. लोकांच्या भावना दुखावतात आणि शमतातही, त्यावर कुणाला टी-शर्ट काढायला सांगावं असं मला वाटत नाही. माझा मुद्दा विश्वासाचा आहे. जो शब्द ऐकून समोरच्याने सावध व्हायला हवं, तो ऐकून तो हसू लागला, की रुग्णाचं एकमेव हत्यार बोथट होतं.

हे मी हवेत बोलत नाही. एक मुलगा माझ्याकडे नऊ वर्षांचा असल्यापासून येतो. निदान लवकर झालं, आईने जिवाचं रान केलं, त्याच्या टीटीजीच्या, म्हणजे या आजारासाठीच्या रक्ताच्या, तपासण्या वर्षानुवर्षं नॉर्मल. इंजिनिअरिंगला बाहेरगावी होस्टेलवर गेला. तिथल्या मेसच्या काकांना त्याच्या आईने जाऊन सगळं समजावलं, वेगळा तवा दिला, वेगळं पोळपाट दिलं. काकांनीही मनावर घेतलं. रोज आधी त्याच्या दोन भाकऱ्या करायच्या, मग पोळ्यांची कणीक काढायची. वाढदिवसाला मित्रांनी त्याला टी-शर्ट दिला. त्यावर इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: ‘ग्लुटेन फ्री आहे आणि दिवसभर तेच सांगतो.’ मुलगा खिलाडू वृत्तीचा, तो घालून मेसमध्ये आला. सगळे हसले. काकांनी कुणाला तरी विचारलं, काय लिहिलंय? कुणीतरी सांगितलं, “अहो, ती सिनेमावाल्यांची डाएटची फॅशन असते ना, ती.”

त्या दिवसानंतर वेगळा तवा कोपऱ्यात गेला. वाईट हेतूने नाही. दीडशे पोरांचा स्वयंपाक एकहाती करणाऱ्या माणसाने एका फॅशनसाठी वेगळा तवा का तापवावा? चार महिन्यांनी मुलगा सुट्टीत आला तेव्हा तोंडात फोड होते, सहा किलो वजन उतरलं होतं, टीटीजी मर्यादेच्या कितीतरी वर. मी काकांना फोन केला. ते खरंच हादरले होते. म्हणाले, “मॅडम, मला वाटलं पोरांची मस्करी चाललीय. आजार असता तर त्याने असं अंगावर छापून मिरवलं असतं का?”

या वाक्याला उत्तर नाही माझ्याकडे. आतडं भरून यायला त्या मुलाला वर्ष लागलं.

आता पुरणपोळीबद्दल, कारण तुमच्या त्या ओळीने त्या आईला इतकं का लागलं हे तुम्हाला कळावं असं मला वाटतं. तुम्ही लिहिलेलं वाक्य नवीन नाही. ते वाक्य त्या बाईने दर होळीला, दर श्रावणात, दर लग्नात ऐकलंय. “म्हणजे पुरणपोळीसुद्धा नाही? एवढीशी खाल्ली तर काय होतं? आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं.” मावशी म्हणते, आत्या म्हणते, पंगतीत वाढणारा आग्रह करतो. आपल्याकडे आग्रह हे प्रेम असतं आणि प्रेमाला तोंडावर नाही म्हणायला लहान मुलाला फार ताकद लागते. माझ्याकडे येणारी एक मुलगी होळीच्या दिवशी वाटीत नुसतं पुरण घेऊन बसते. हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ, वर तूप. पुरणात काहीच अडत नाही, अडते ती वरची कणीक. तिची आजी आता तांदळाच्या उकडीत पुरण भरून तिच्यासाठी मोदकासारखं वळते. त्या आजीला तिथवर यायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी तिने नातीला आईच्या नकळत पोळीचा घास भरवला होता, मायेने. रात्रभर मुलगी उलट्या करत होती.

तेव्हा ‘आणि पुरणपोळीचं काय?’ हा प्रश्न तुमच्यासाठी ओळ होती. त्या आईसाठी तो घास होता.

दुसरी बाजूही मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ग्लुटेन सोडण्याची लाट आली नसती, तर आज पुण्यात दुकानात गेल्यावर ग्लुटेनमुक्त पीठ, बिस्किटं, पास्ता दिसला नसता. मी काम सुरू केलं तेव्हा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत दोन पाकिटं मागवावी लागत. टेनिसपटू जोकोविचने गहू सोडल्याचं जाहीरपणे सांगितलं, हॉलिवूडच्या नट्यांनी सांगितलं, त्यानंतर बाजार हलला. सीलिअ‍ॅकचे रुग्ण मूठभर, त्यांच्या जिवावर कुठलीही कंपनी एवढा माल काढत नाही. फॅशनवाल्यांच्या पैशावर आमच्या मुलांना बिस्किटं मिळाली हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही.

शिवाय सीलिअ‍ॅक नसतानाही गहू खाल्ल्यावर खरोखर त्रास होणारे लोक असतात. त्यांची थट्टा करू नये. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टान नावाची साखरेच्या साखळ्यांची जात असते. काहींच्या पोटात तिच्यामुळे गॅस धरतो, पोट दुखतं. काहींनी गहू सोडला म्हणजे खरं तर बेकरी, मैदा, बिस्किटं सोडलेली असतात, त्याने कुणालाही बरं वाटेल. पण ज्याला सीलिअ‍ॅकची शंका आहे त्याने तपासणीआधी गहू सोडू नये, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. गहू बंद केला की रक्तातली टीटीजीची पातळी उतरते, आतडं भरून येऊ लागतं आणि तपासणी ‘काही नाही’ म्हणते. मग पुन्हा काही आठवडे गहू खायला लावून, माणसाला मुद्दाम आजारी पाडून तपासावं लागतं. फॅशन म्हणून सोडणाऱ्यांत असे लोक दरवर्षी माझ्याकडे येतात. ग्लुटेन सोडणं ही आवडीची गोष्ट आहे, तपासणीची नाही, असं वातावरण झालं की हे होतं आणि टी-शर्टवरची ओळ त्या वातावरणात आपला वाटा टाकते.

एक गोष्ट तुमच्या धंद्याच्या अंगाने बघा. बिस्किटाच्या पुड्यावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. युरोपात, अमेरिकेत आणि आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांत हाच आकडा आहे. तो शब्द पुड्यावर इतक्या जबाबदारीने येतो. कापडावर त्याला कुठलाच नियम नाही. नियम असावा असं माझं म्हणणं नाही. जिथे नियम नसतो तिथे छापणाऱ्याचं तारतम्य हाच नियम, एवढंच.

मोठ्या कपडेवाल्यांकडून हे वारंवार का घडतं? झाराची ताकदच वेगात आहे. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, आ कोरुन्याजवळच्या आर्तेइशोमध्ये बसून डिझायनर काढतात आणि दोन-तीन आठवड्यांत तो कपडा दुकानात लागतो. दुकानांना आठवड्यातून दोनदा नवा माल जातो. अशा चाकावर ओळी लिहिणाऱ्याला कुणाला विचारायला वेळ नसतो. लोकांच्या तोंडी जे आहे ते उचलायचं आणि छापायचं. त्याच झाराने आदल्याच वर्षी, २०१४ मध्ये, लहान मुलांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आणला होता, छातीवर पिवळी सहा टोकांची चांदणी. त्यांच्या मते तो जुन्या काउबॉय सिनेमांतला शेरीफ. लोकांना त्यात नाझी छळछावणीतल्या ज्यूंचा गणवेश दिसला आणि कंपनीला माफी मागून तो मागे घ्यावा लागला. काढणाऱ्याच्या मनात शेरीफच असेल, मला ते पटतं. पण मनात काय होतं ते कपड्यावर छापलेलं नसतं.

माझ्या क्षेत्रातलं मला सगळ्यात जास्त झोंबलेलं उदाहरण अमेरिकेतलं. २०१० मध्ये अर्बन आउटफिटर्सने एक टी-शर्ट विकायला ठेवला, त्यावर दोनच शब्द: ‘कमी खा’. अगदी सडपातळ मॉडेलच्या अंगावर. उपाशी राहून राहून मरणाच्या दारात गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ते दोन शब्द त्यांच्या डोक्यात चोवीस तास वाजत असतात. आरडाओरडा झाला आणि कंपनीने तो संकेतस्थळावरून काढला. कपड्यावरची ओळ जाहिरातीच्या फलकासारखी रस्त्यात उभी राहत नाही. ती माणसाच्या अंगावर बसून वर्गात, डब्याच्या टेबलावर, मेसच्या रांगेत जाते. ब्रिटिश डिझायनर कॅथरीन हॅम्नेट १९८४ मध्ये क्षेपणास्त्रांना विरोध करणारी ओळ छातीवर घेऊन थेट पंतप्रधान थॅचर यांना भेटायला गेली, ती याच ताकदीच्या भरवशावर. टी-शर्ट बोलतो हे तुमच्या धंद्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

तुमच्यात आणि झारात एक मोठा फरक आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. त्यांना थांबवायला हजारो सह्या लागल्या. तुम्हाला एका आईचा मेसेज पुरला, निदान तुम्ही थांबून विचारलंत. तिला उत्तर द्या. लांबलचक माफीनामा नको. ‘मला हा आजार माहीत नव्हता, आता कळला, टी-शर्ट काढला आहे’ एवढं पुरे. तोडून लिहिणाऱ्या आयांपैकी निम्म्या तरी तेवढ्यावर रडतात, हे मी अनुभवाने सांगते. आजवर त्यांना कुणी ‘कळलं’ असं म्हटलेलं नसतं.

उरलेल्या मालाचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात असणारच. छापलेले नग किती उरलेत ते तुम्हाला माहीत. ते सवलतीत खपवू नका, एवढं सांगीन. सवलतीतला टी-शर्टही कुठल्या तरी मेसमध्ये जातोच.

पुरणपोळीचं प्रेम छापायचं असेल तर खुशाल छापा, त्यात कुणाचं काही जात नाही. ‘कटाच्या आमटीशिवाय पोळी नाही’ लिहा, ‘तूप जास्त’ लिहा. ग्लुटेनला मध्ये आणू नका, एवढंच. आणि ज्याला स्वतःला सीलिअ‍ॅक आहे अशा मोठ्या माणसाने स्वतःच्या आजारावर विनोद करणारा टी-शर्ट मागितला तर? तो त्याचा हक्क आहे, मी आड येणार नाही. होस्टेलमधल्या त्या मुलाची गोष्ट मात्र त्याला सांगीन आणि म्हणेन, ज्या स्वयंपाकघरातून तुझं ताट येतं तिथे तो घालून जाऊ नकोस.

शेवटी एक मागणं आहे. लहान मुलांसाठी एक टी-शर्ट मला खरंच हवाय आणि बाजारात मला तो मराठीत कधी दिसला नाही. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला ग्लुटेन हा शब्द बोलता येत नाही आणि वाढदिवसाला, बागेत, गणपतीच्या मांडवात कुणीही प्रेमाने त्याच्या हातावर बिस्किट ठेवतं. त्यासाठी छातीवर ठळक, साध्या अक्षरात: ‘मला गहू, रवा, मैदा चालत नाही. खाऊ देण्याआधी आईला विचारा.’ ‘ग्लुटेन’ लिहू नका, मांडवातल्या आजोबांना तो कळणार नाही. गहू, रवा, मैदा मात्र सगळ्यांना कळतं. अक्षर दीड इंचाच्या खाली नको, पाठीवर नको, कारण खाऊ देणारा माणूस समोरून येतो. रंग फिकट, अक्षर गडद. प्रिंट रोजच्या धुण्यात टिकेल असं करा, ही मुलं तोच शर्ट आठवड्यातून तीनदा घालतील. कापड सुती घ्या. यातल्या काहींच्या अंगावर पुरळ असतं, त्यांना जाड, रबरासारखी छपाई टोचते, तेव्हा छातीच्या आतल्या बाजूला मऊ अस्तर लावता आलं तर पाहा.

दहा नग करून पाठवा. पैसे मी देते. दवाखान्यात ठेवते आणि काय बदलायला हवं ते आयांना विचारून तुम्हाला कळवते.